सलग

आमच्या फाटकाच्या कडीला फुलपुडी लटकायला लागली, तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. देवाची फुलं आई कायम स्वतः आणायची. सकाळी सातच्या सुमारास बाहेर पडायचं, गल्लीच्या टोकाला बसणाऱ्या फुलवालीकडून दूर्वा, बेल, शेवंती घ्यायची, तसंच पुढे अरण्येश्वराला जायचं आणि येताना बुचाच्या झाडाखालच्या भाजीवालीशी चार शब्द बोलून एखादी जुडी पिशवीत घालायची, हा तिचा क्रम. लॉकडाऊन उठल्यानंतरच्या पावसाळ्यात ती बाहेर पडेनाशी झाली. आज गुडघा दुखतोय, आज भुरभुर आहे, उद्या बघू. मग एक दिवस तिनं फुलपुडीवाल्याला परस्पर सांगून टाकलं.

तीन आठवडे गेल्यावर मी विचारलं, "पडलीबिडली होतीस का कुठे?"

"पडले नाही गं," ती म्हणाली. "पण रोज वाटतं, आज पडणार. नुसतं चढ आणि उतर, चढ आणि उतर. देवळात पोचेपर्यंत जीव सगळा पायात गोळा होतो. मग देवापुढे उभं राहून तरी काय करू?"

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर निघाले. त्या फुटपाथवरून मी कित्येक वर्षांत चाललेच नव्हते. बँकेतली नोकरी, त्यामुळे सकाळी स्कूटर काढायची आणि निघायचं. घरासमोरचा फुटपाथ मला दिसायचा तो स्कूटर उतरवण्यापुरता. आईचा हात धरून त्यावरून चालायला लागले, तेव्हा तो पहिल्यांदा पायाला कळला.

गल्ली लहानशीच. आमच्या बाजूला अकरा घरं, म्हणजे अकरा फाटकं. प्रत्येक फाटकापाशी फुटपाथ तुटलेला. कुणाची गाडी आत जावी म्हणून तो खाली रस्त्याच्या पातळीला आणलेला, तर कुणी फुटपाथवरच फरशीचा तिरका उतार बांधून काढलेला. खाली उतरायचं, चार पावलं सपाट चालायचं, पुन्हा वर चढायचं. तिरक्या उतारावर एक पाय वर आणि एक खाली राहतो, घोटा वळतो. आई प्रत्येक फाटकाशी थांबायची, कंपाउंडच्या भिंतीला हात लावायची, खाली बघायची आणि मग पाऊल टाकायची. पाचव्या घरापाशी तिनं माझा हात सोडला आणि सरळ रस्त्यावर उतरली. "रस्ता तरी सपाट आहे," म्हणाली. मागून एक दुचाकी आमच्या कोपराला वारा लावून गेली.

घरी आल्यावर मी शिवणाच्या डब्यातली टेप काढली आणि पुन्हा गेले. फुटपाथची उंची कुठे सात इंच, कुठे नऊ. एका फाटकाजवळ साडेअकरा इंच भरली. साडेअकरा इंच म्हणजे आईच्या नडगीचा निम्म्याहून जास्त भाग. देवळाच्या वळणापर्यंत जायचं तर वाटेतल्या प्रत्येक फाटकाला उतरायचं आणि चढायचं, येताना पुन्हा तेवढंच. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला फुलं आणायला एवढं करावं लागत होतं.

हीच आई साठीच्या पुढे होती तेव्हा दर सोमवारी पर्वती चढायची. पर्वतीला एकशेतीन पायऱ्या, तरी मध्ये फार तर एकदा थांबायची. मी तिला म्हटलं, तेव्हा तुझे पाय मजबूत होते. ती म्हणाली, "पाय होतेच. पण पर्वतीची पायरी फसवत नाही. एक चढलीस की पुढची कशी असणार ते पायाला माहीत असतं." ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं. त्या आठवड्यात मी मुद्दाम पर्वतीवर जाऊन आले. पायऱ्या रुंद, उंचीला कमी, एकीवरून दुसरीवर पाय आपोआप जातो. अठराव्या शतकातल्या घडवणाऱ्यांनी चालणाऱ्याचा पाय ओळखला होता. दम लागतो, पण पाऊल चुकत नाही. आमच्या गल्लीत दम लागायचं काही कारण नव्हतं, आणि पाऊल मात्र दर वीस फुटांवर चुकत होतं.

आता जे लिहायचं आहे ते मला जड जातं. त्या अकरा फाटकांमधलं सातवं आमचं आहे. साडेअकरा इंचांची उडी आमच्याच फाटकाला लागून होती.

१९९४ साली बाबांनी मारुती घेतली. घरातली पहिली गाडी. ती आत घेताना खालून घासायची, म्हणून बाबांनी गवंडी बोलावून फुटपाथ फोडला आणि शहाबादी फरशीचा खडबडीत उतार करून घेतला. गाडी घसरू नये म्हणून फरशीला टाकी मारून घेतली होती. आईनं त्या उतारावर रांगोळी काढली, गाडीला ओवाळलं. मी तेव्हा कॉलेजात होते. त्या उतारावर उभं राहून काढलेला आमचा फोटो अजून भिंतीवर आहे. तो उतार सार्वजनिक जागेवर आहे आणि तिथून कुणाला चालावं लागतं, हा विचार आमच्या कुणाच्याच मनाला शिवला नाही. गल्लीतल्या प्रत्येक घरानं आपापल्या गाडीच्या वर्षी हेच केलं. कुणाच्याही मनात वाईट नव्हतं. सगळे मिळून फुटपाथ संपला.

वाचायला लागल्यावर एकेक गोष्ट समजत गेली. इंडियन रोड्स काँग्रेसचे पादचारी सुविधांसाठीचे निकष आहेत, आयआरसी १०३ या क्रमांकाचे. त्यात म्हटलं आहे की फुटपाथवर चालण्यासाठी निदान १.८ मीटर म्हणजे साधारण सहा फूट रुंदी पूर्ण मोकळी हवी, आणि वर २.२ मीटरपर्यंत काही आडवं येता कामा नये. दोन व्हीलचेअर समोरासमोर आल्या तर एकमेकींना ओलांडून जाता यावं, हा त्या सहा फुटांमागचा हिशेब. फुटपाथची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी. १५० मिलिमीटर म्हणजे सहा इंच! गाड्या वर चढू नयेत म्हणून फुटपाथ उंच करत न्यायचा आणि मग माणसंही त्यावर चढत नाहीत, हे आपल्याकडे गल्लोगल्ली दिसतं. पुणे महापालिकेनं २०१६ साली पादचारी धोरण स्वीकारलं, रस्ते कसे आखावेत याची मार्गदर्शक तत्त्वंही केली. जंगली महाराज रस्त्यावरचे रुंद फुटपाथ, तिथले बाक आणि मुलांची खेळायची जागा आपण सगळ्यांनी पाहिली आहे.

पण माझ्या मनात घर केलं ते फाटकांविषयीच्या एका साध्या तत्त्वानं. फाटकापाशी फुटपाथनं खाली उतरायचं नाही. तो त्याच पातळीवर सलग पुढे जायचा, आणि गाडीनं त्याच्यावर चढून, हळू होऊन आत जायचं. गाडीसाठीचा उतार फुटपाथच्या रस्त्याकडच्या कडेला, दोनेक फुटांत बसवायचा, म्हणजे चालण्याची पट्टी सपाट राहते. मी हे वाचलं आणि कितीतरी वेळ तशीच बसून राहिले. अडखळायचं कुणी, एवढाच प्रश्न होता, आणि तीस वर्षं आम्ही त्याचं उत्तर आईवर टाकलं होतं.

आमचा हा भाग सहकारनगर. पानशेतच्या पुरानंतर, म्हणजे १२ जुलै १९६१ नंतर, शहराबाहेर ज्या सोसायट्या वसल्या, त्यांतलं हे जुनं वस्तीचं गाव. आजोबांचं नारायण पेठेतलं बिऱ्हाड पुरात गेलं आणि ते इकडे आले. आजी सांगायची, तेव्हा इथे माळ होता आणि संध्याकाळी तळजाईकडून कोल्हे ओरडायचे. पहिल्या घरांना कंपाउंडही नव्हती. बायका एका अंगणातून दुसऱ्या अंगणात सरळ चालत जायच्या. 'सहकार' हा शब्द वस्तीच्या नावातच आहे, त्या आधारावर मी एका रविवारी सगळ्यांना आमच्या गच्चीवर बोलावलं. पोहे केले होते. टेपनं घेतलेली मापं एका कागदावर लिहून ठेवली होती, आणि त्यात पहिलं माप आमच्या फाटकाचं होतं.

हरकती आल्या, आणि त्या खोट्या नव्हत्या. पहिल्या घरातले काका म्हणाले, "रस्त्यावर डांबराचे थर चढून चढून माझं अंगण आधीच खाली गेलंय. फुटपाथ उचललात तर पावसाचं पाणी माझ्या दारात." एका घराचं अंगण उलट रस्त्यापेक्षा दीड फूट वर. त्यांना फाटकाच्या आत उतार करायचा तर तुळशीवृंदावन हलवावं लागणार होतं. एकजण म्हणाले, "फुटपाथ करणं पालिकेचं काम, आपण कर भरतो." तेही बरोबरच होतं. पाचव्या घरातल्या काकू सगळा वेळ गप्प होत्या. जाताना जिन्यात थांबून मला म्हणाल्या, "यांना अर्धांगवायू झाल्याला तीन वर्षं झाली. डॉक्टर म्हणतात, वॉकर घेऊन रोज शंभर पावलं चाला. चालणार कुठे?" तीन वर्षं. आमच्यामध्ये फक्त एक घर आहे, आणि मला हे माहीत नव्हतं.

त्या दिवशी आठ घरं तयार झाली.

महापालिकेत २००६ पासून नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रकाची सोय आहे. आपल्या भागातलं पाच लाखांपर्यंतचं छोटं काम आपण अर्ज भरून सुचवायचं, ते क्षेत्रीय कार्यालयाकडून तपासून पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात जातं. फुटपाथ, बाक, बसथांबा, दिवे अशी कामं यात बसतात. आम्ही अर्ज भरला. सोबत मापांचा कागद, फोटो आणि आठ घरांच्या सह्या जोडल्या. नुसतं 'फुटपाथ दुरुस्त करावा' असं लिहिलं नाही. 'फाटकांपाशी पातळी न मोडता सलग करावा, उंची १५० मिलिमीटर ठेवावी, रस्त्याकडे उतार द्यावा' असं लिहिलं. ज्यांना असा अर्ज करायचा असेल त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, काय हवं ते मापात लिहा. मापात लिहिलेलं काम करणाऱ्यालाही सोपं जातं आणि नंतर तपासताही येतं.

मधल्या काळात एक दिवस असा आला की तो सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ११ डिसेंबर २०२१ ला महापालिकेनं पादचारी दिन पाळला आणि लक्ष्मी रस्त्यावर नगरकर तालीम चौकापासून गरुड गणपती चौकापर्यंत गाड्या बंद ठेवल्या. मी आईला रिक्षानं घेऊन गेले. लग्नाचे शालू, दिवाळीचे कपडे, माझ्या भाच्यांची झबली, सगळी खरेदी तिनं आयुष्यभर त्या रस्त्यावर केलेली. त्या दिवशी ती रस्त्याच्या ऐन मध्यावर उभी राहिली आणि मान वर करून बघत राहिली. दुकानांच्या पाट्यांच्या वर जुन्या घरांचे मजले होते, लाकडी कठडे, नक्षीचे खांब, एका खिडकीत वाळत घातलेलं लुगडं. "हे सगळं इथेच होतं का गं?" तिनं विचारलं. "मी कधी वर बघितलंच नाही. डोळे सगळे पायाशी आणि गाड्यांवर." साठ वर्षं ये-जा केलेल्या रस्त्याचा वरचा अर्धा भाग तिनं त्या सकाळी पहिल्यांदा पाहिला. शेजारून लहान मुलं पळत होती आणि तिनं माझा हात धरला नव्हता.

आमचा अर्ज मंजूर झाला आणि बऱ्याच महिन्यांनी कनिष्ठ अभियंता पाहणीला आल्या. तिशीच्या आतली मुलगी. उन्हात गल्ली दोनदा चालली, प्रत्येक फाटकापाशी वहीत काहीतरी टिपलं. शेवटी म्हणाली, "मॅडम, फुटपाथ आम्ही सलग करून देऊ. पण तुमचे हे फरशीचे उतार तुम्ही काढले नाहीत तर तो सलग राहणार कसा?" मी तिला आमच्या फाटकापाशी नेलं आणि म्हटलं, पहिला हा काढा.

उतार फोडला त्या दिवशी आई ओट्यावर खुर्ची टाकून बसली होती. पहारीच्या पाचव्या-सहाव्या घावाला टाकी मारलेली पहिली फरशी निघाली. आईनं ती धुऊन तुळशीपाशी ठेवायला सांगितली. बाबांची आठवण म्हणून ती अजून तिथे आहे.

काम करणारं जोडपं गुलबर्गा भागातलं होतं. नवरा मिस्त्री, बायको त्याच्या बरोबरीनं काम करायची. खणलं, खाली मुरूम दाबून बसवला, त्यावर काँक्रीटचा थर, मग बारीक कच आणि त्यावर ब्लॉक. अभियंता बाईंनी मला ब्लॉक हातात घेऊन दाखवला. नुसतं चालायच्या जागी ६० मिलिमीटर जाडीचा चालतो, पण फाटकापाशी गाडी वरून जाणार, तिथे ८० मिलिमीटरचा हवा. पुण्यातल्या फुटपाथचे गट्टू फाटकापाशीच आधी का खचतात ते मला त्या दिवशी उमजलं. सगळ्यात जास्त रमले ते पातळी घेताना. पारदर्शक नळीत पाणी भरलेलं, एक टोक मिस्त्रीनं आमच्या खांबाला धरलेलं, दुसरं टोक घेऊन बायको तीन फाटकं पलीकडे उभी. तो तिकडून हाक मारायचा, ती नळी बोटभर वर घ्यायची, पाणी दोन्हीकडे डोलत डोलत स्थिर व्हायचं, की ती खडूनं भिंतीवर रेघ ओढायची. यंत्र नाही, काही नाही. अकरा घरांच्या भिंतींवर एका ओळीत अकरा रेघा उमटल्या. रुंदीत मात्र रस्त्याकडे उतार ठेवला, पन्नासाला एक या प्रमाणात, म्हणजे पायाला कळत नाही पण पाण्याला कळतो. पहिल्या घरातल्या काकांसाठी फाटकाच्या रेषेत लोखंडी जाळीची पन्हळ बसवली. तिचा खर्च त्यांनी स्वतः केला, आणि त्या वर्षीच्या पावसात रात्री दोनदा उठून बॅटरी घेऊन पाणी कसं जातं ते पाहिलं. अंगण कोरडं राहिलं.

बुचाच्या झाडापाशी मुळांनी जुनी फरशी उचलून धरलेली होती. मुळं छाटून सरळ रेघ मारू असा एक विचार निघाला. अभियंता बाईंनीच नको म्हटलं. झाडाभोवती माती मोकळी ठेवून चालण्याची पट्टी जराशी वळवून घेतली. भाजीवालीला उठवावं असं दोघातिघांचं मत होतं. तेव्हा आई पहिल्यांदा बैठकीत बोलली, "तिच्याकडे जायचं म्हणून तर मी बाहेर पडते. तिला उठवलंत तर फुटपाथ कुणासाठी करताय?" पथविक्रेत्यांचा २०१४ चा कायदाही तेच सांगतो, की त्यांना जागा ठरवून द्यावी. झाड आणि विजेचा खांब यांच्यामधली पट्टी चालण्यात येत नव्हतीच. भाजीवाली आता तिथे बसते आणि चालण्याचे सहा फूट मोकळे राहतात.

सगळीकडे सहा फूट मिळाले असं नाही. विजेची एक पेटी हलवता आली नाही, तिथे जेमतेम चार फूट उरतात. काम होऊन आठ महिने झाले नाहीत तोच कुणीतरी केबल टाकायला दहा-बारा फूट खणलं आणि ब्लॉक कसेतरी परत ठेवले. ते दोनदा पाठपुरावा करून पुन्हा दाबून बसवून घेतले. चेंबरचं एक झाकण बोटभर वर राहिलं आहे. राहिलेल्या तीन घरांपैकी दोघांनी काम पाहून आपले उतार काढले, दहाव्या घराचा अजून आहे. तिथे अजूनही एकदा उतरावं आणि एकदा चढावं लागतं. त्यांच्याशी बोलणं चालू आहे, भांडण नाही.

पाचव्या घरातले काका काम संपल्यावर चौथ्या दिवशी वॉकर घेऊन बाहेर आले. पाठीमागे काकू, हात न लावता. वॉकरचे चारही पाय एकाच वेळी जमिनीला टेकत होते. ते आमच्या फाटकासमोरून गेले, जिथे साडेअकरा इंच होते तिथून, आणि तिथे काही होतं हे त्यांच्या पायाला कळलंही नाही. मी आत जाऊन थोडा वेळ स्वयंपाकघरात उभी राहिले.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की पादचाऱ्यांचा फुटपाथवरचा हक्क हा घटनेच्या कलम २१ मध्ये, जगण्याच्या हक्कातच येतो. पेपरमधली ती बातमी मी आईला वाचून दाखवली. तिनं दोनदा वाचायला लावली आणि कात्रण काढून पोथीत ठेवलं.

फुलपुडी बंद झाली आहे. सकाळी सातला आई निघते. बुचाचा बहर आला की पांढरी फुलं फुटपाथवर पडतात, ती चार-दोन वेचते, कारण आता तिला वाकताना तोल जायची भीती नसते. फक्त गल्लीच्या टोकाला मोठा रस्ता लागतो आणि तिथे ती थांबते. तिथे पट्टे नाहीत, गाड्या वळताना थांबत नाहीत. फुलवालीची मुलगी तिला हात धरून पलीकडे नेते.

नवा अर्ज त्या ओलांडणीचा आहे. परवा सकाळी गाड्या कमी असताना आम्ही दोघी मोजायला गेलो. रस्त्याची रुंदी साडेनऊ मीटर भरली. टेपचं दुसरं टोक आईनं धरलं होतं.